घरासाठी घडीची शिडी: बारा पायऱ्यांपैकी नेमकं कितव्या पायरीवर उभं राहता येतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिंपरी-चिंचवडमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, छत साडेनऊ फूट. चिपळूणजवळ गावी कौलारू घर आहे, तिथे आई-वडील राहतात, दोघंही पासष्टीच्या पुढचे. फ्लॅटमध्ये पंखे पुसायचे, ट्यूब बदलायची, माळ्यावरचं सामान काढायचं, दिवाळीला बाल्कनीत आकाशकंदील लावायचा. गावी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करायच्या. या सगळ्यासाठी एकच शिडी घ्यावी असं तुमच्या मनात आहे, आणि ४×३ ची, म्हणजे बारा पायऱ्यांची, घडी होणारी अ‍ॅल्युमिनियमची शिडी तुम्हाला आवडली आहे. ती घ्यावी, की मोठी ४×४, की नळीत नळी सरकणारी टेलिस्कोपिक, असं विचारलंय.

मी घरांमधली वायरिंगची आणि फिटिंगची कामं करतो. पंखे टांगणं, फॉल्स सीलिंगचे दिवे, बंगल्यांची बाहेरची लाइटिंग, अशी सगळी कामं शिडीवरच होतात, त्यामुळे या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. तुम्ही शिडीची लांबी विचारताय. माझ्या मते आधी तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत: काम करताना तुमचे पाय जमिनीपासून किती उंचीवर असणार, त्या उंचीवर किती वेळ उभं राहायचं आहे, आणि तुम्ही घरी नसताना त्या शिडीवर कोण चढणार. या तिघांची उत्तरं मिळाली की मॉडेल निवडायला फार डोकं लावावं लागत नाही.

आधी उंचीचा हिशोब करू. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाने हात सरळ वर केला की बोटं साधारण पावणेसात फुटांवर पोचतात. पण हात पूर्ण ताणून काम होत नाही, फार तर स्विच दाबता येतो. स्क्रू फिरवायचा, पातं पुसायचं, ट्यूब खोबणीत बसवायची, तर ती वस्तू डोळ्यांच्या पातळीवर किंवा फार तर कपाळाच्या जरा वर हवी. तुमचं छत साडेनऊ फूट. पंख्याचा रॉड फूटभर धरला तर पाती साडेआठ फुटांच्या आसपास येतात. म्हणजे पाय तीन फुटांवर असले की पातं कपाळाच्या जरा वर. ट्यूब, भिंतीवरचा दिवा, पडद्याचा रॉड, घड्याळ हे सगळं याहून खाली असतं, तिथे दीड-दोन फूट चढलं तरी पुरतं. माळा बहुतेक फ्लॅटमध्ये सात फुटांच्या आसपास सुरू होतो, तिथेही तीन फूट भरपूर. थोडक्यात, तुमच्या फ्लॅटमधलं जवळजवळ कुठलंही काम पाय तीन ते साडेतीन फुटांवर असताना आरामात होतं. याहून वर चढलात तर डोकं छताला लागायला लागेल.

आता बारा पायऱ्यांची शिडी घ्या. चार भाग, प्रत्येकात तीन दांड्या. सरळ उघडली की साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण घरात, खोलीच्या मधोमध असलेल्या पंख्याखाली, सरळ शिडी टेकवणार कशाला? तिथे ती घोड्यासारखी दोन्ही बाजूंना पाय फाकवूनच उभी करावी लागते. तशी केली की उंची निम्मी, पावणेदोन मीटर, आणि एका बाजूला सहाच दांड्या. घोड्याच्या वरच्या दोन दांड्यांवर उभं राहायचं नसतं, कारण तिथे गुडघ्याला टेकायला काही उरत नाही आणि तोल मागे जातो. उरली चौथी दांडी. दोन दांड्यांमधलं अंतर साधारण २८ सेंटीमीटर धरा, शिडीचा तिरकेपणा वजा करा, तर पाय येतात जेमतेम साडेतीन फुटांवर.

म्हणजे ज्या उंचीसाठी तुम्ही बारा-तेरा किलोची, सहा बिजागऱ्यांची शिडी विकत घेताय, जवळजवळ तीच उंची चार पायऱ्यांची आणि वर प्लॅटफॉर्म असलेली साधी घडीची शिडी देते. तिच्या पायऱ्या साधारण नऊ-नऊ इंचांवर असतात, चौथ्या पायरीवर तुम्ही तीन फुटांवर पोचता.

उंची सारखीच असली तरी पायाखाली काय आहे यात फार फरक आहे, आणि तो दुकानात दोन मिनिटं उभं राहून कळत नाही. घडीच्या मल्टिपर्पज शिडीला, म्हणजे ४×३ किंवा ४×४ सारखीला, दांड्या असतात, पायऱ्या नसतात. दांडी इंच-सव्वा इंच रुंद. आपण घरात अनवाणी वावरतो आणि अनवाणीच शिडीवर चढतो. पाच मिनिटांत ती दांडी तळव्याच्या मधोमध रुतायला लागते, मग माणूस वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहतो, आणि तो हलला की शिडी हलते. चप्पल घालून चढलं तर त्याहून वाईट, टाच मोकळी राहते आणि चप्पल दांडीवर अडकते. म्हणून अशा शिडीवर चढताना पायात मागून बंद, रबरी तळाचे बूट हवेतच. घरात बूट घालायला लोक तयार नसतात. मग घरातल्यांना खरोखर वापरता येईल ती शिडी कोणती? माझ्या मते रुंद पायरीची. तीन इंच किंवा त्याहून रुंद, वर खाचा किंवा रबर असलेली पायरी, शेवटी पूर्ण पाऊल मावेल असा प्लॅटफॉर्म, आणि त्याच्या पुढे गुडघ्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत येणारा कठडा.

माळ्यासाठी तर हा कठडा फारच महत्त्वाचा. माळ्याशी पोचणं अवघड नसतं, भरलेली पेटी दोन्ही हातांत घेऊन खाली उतरणं अवघड असतं. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम हवेत. पेटी दोन्ही हातांत असली की उरतात फक्त पाय. म्हणून माळ्यावरून सामान काढताना खाली दुसरा माणूस हवाच. वरच्याने प्लॅटफॉर्मवर उभं राहून कठड्याला टेकून वस्तू खाली द्यायची, खालच्याने घ्यायची. वस्तू घेऊन उतरायचं नाही.

मग मल्टिपर्पज शिडी वाईट का? मुळीच नाही. माझ्याकडे आहे आणि बाहेरच्या कामाला मी ती आनंदाने नेतो. तिचा फायदा तिथे, जिथे जागा बदलते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकार लागतो. भिंतीला टेकवायला सरळ. भिंतीपासून अंतर ठेवून काम करायचं असेल, म्हणजे समोर खिडकीची काच, छज्जा किंवा नाजूक पन्हळ असेल, तर वरचा भाग भिंतीकडे वळवून. लांब भिंत रंगवायची असेल तर मधला भाग आडवा ठेवून त्यावर पत्रे टाकून तीन फूट उंचीचा ओटा. आणि खोलीत घोडा. एक शिडी चार कामं करते हे खरं आहे. बंगल्याला, रो-हाउसला, दुकानाला ती शोभते.

पण ती नीट वापरायची असेल तर बिजागऱ्या समजून घ्याव्या लागतात, कारण सगळं वजन त्यांच्यावर असतं. चार भाग जोडायला तीन सांधे, प्रत्येक सांध्याला दोन बाजूंना एकेक, अशा सहा बिजागऱ्या. प्रत्येकीत एक खटका असतो आणि तो ठरावीक कोनांवरच बसतो. शिडी उघडायची ती जमिनीवर आडवी ठेवून, उभी असताना नाही. प्रत्येक सांधा फिरवताना दोन्ही बाजूंनी 'खट्ट' असा आवाज यायला हवा. एकाच बाजूचा खटका बसला आणि दुसरा अर्धवट राहिला, तरी शिडी दिसायला सरळ दिसते आणि रिकामी असताना उभीही राहते. माणूस तिसऱ्या दांडीवर गेला की तो अर्धवट सांधा सुटतो. म्हणून उभी करण्याआधी सहाही खटके बोटाने दाबून बघायचे. काही मॉडेलांवर खटका बसला की नाही हे दाखवणारी रंगीत खूण असते, ती असलेलं घ्या. घडी घालताना बोटं सांध्यापासून लांब ठेवायची. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन भागांमध्ये बोट सापडलं तर नख जातं, आणि घरात लहान मुलं असतील तर ही शिडी त्यांच्यासमोर उघडूच नये.

या शिडीबरोबर खोक्यात एक किंवा दोन आडव्या पट्ट्या सुट्या येतात. शिडीच्या तळाशी बोल्टने बसवायच्या, म्हणजे पाया रुंद होतो आणि शिडी बाजूला कलंडत नाही. अनेक घरांत मी बघतो, ती पट्टी खोक्यातच पडलेली असते, कारण लावली की शिडी कोपऱ्यात मावत नाही. पट्टी नसलेली साडेतीन मीटरची शिडी फूटभर रुंदीच्या पायावर उभी असते, वरच्या टोकाला नुसता हात बाजूला ताणला तरी ती घसरते. पट्टी लावायची नसेल तर ही शिडी घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो.

ओट्यासारखी वापरताना टाकायचे पत्रे बऱ्याचदा वेगळे विकत घ्यावे लागतात. त्यांच्या जागी घरातली प्लायची फळी टाकू नका, ती आडवी सरकते आणि मधोमध वाकते. शिवाय या आकारात शिडी पेलू शकणारं वजन सरळ उभ्या शिडीपेक्षा कमी असू शकतं. बाजूला चिकटवलेल्या चित्रात प्रत्येक आकारासाठी काय लिहिलंय ते वाचा.

आता जागेचं. घडी घातल्यावर ही शिडी साधारण ९५ सेंटीमीटर लांब होते, पण ३५ सेंटीमीटर रुंद आणि पाऊण-एक फूट जाड. लिफ्टमध्ये मावते, गाडीच्या मागच्या सीटवर मावते, हे तिचं खरं कौतुक. पण फ्लॅटमध्ये दाराच्या मागे मावत नाही. उलट प्लॅटफॉर्मची शिडी मिटली की चार-पाच फूट उंच राहते, मात्र जेमतेम अर्धा फूट जाड. कपाट आणि भिंतीच्या फटीत, दाराआड, कुठेही उभी राहते आणि एका हाताने निघते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण शिडी काढायला त्रास झाला की माणूस ती काढतच नाही. बेडवर स्टूल, स्टुलावर माणूस, हा प्रकार तिथूनच सुरू होतो. जी शिडी अर्ध्या मिनिटात हाताशी येते तीच वापरली जाते.

गावच्या घराचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे पन्हळ साधारण आठ-नऊ फुटांवर असेल असं धरतो, तुम्ही एकदा टेप लावून मोजा. पन्हळीतला पालापाचोळा काढायचा तर सरळ शिडी भिंतीला टेकवावी लागते. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन दांड्यांवर पाय ठेवायचा नाही. बारा दांड्यांच्या शिडीत उरली नववी, म्हणजे पाय साधारण आठ फुटांवर. तेवढ्यावरून नऊ फुटांवरची पन्हळ छान साफ होते. पण कौलांवर चढून जायचं असेल तर शिडी छपराच्या कडेच्या वर आणखी तीन फूट तरी निघालेली हवी, म्हणजे शिडीवरून छपरावर पाय टाकताना धरायला काहीतरी राहतं. नऊ अधिक तीन, बारा फूट, आणि शिडी तिरकी असल्यामुळे प्रत्यक्षात साडेबारा फुटांची लागेल. तिथे ४×३ अपुरी पडते, ४×४ लागते. ती उघडून ४.७ मीटर, साधारण साडेपंधरा फूट होते. तीच ४×४ तुमच्या फ्लॅटमध्ये आणलीत तर घोड्याच्या रूपात तिची सहावी दांडी सव्वापाच फुटांवर येईल, म्हणजे साडेनऊ फुटांच्या छताखाली तुम्हाला सरळ उभंही राहता येणार नाही. दोन्ही घरांसाठी एकच शिडी हा विचार इथेच मोडतो.

आणि कौलांवर तुम्ही चढूच नका, असं मला वाटतं. शाकारणी करणारी माणसं वाशांच्या अंदाजाने पाय टाकतात, ती त्यांची हातोटी आहे, आणि ती आपल्या शिड्या घेऊन येतात. शिडी कौलाच्या कडेला टेकवू नका, कौल तुटतं आणि शिडी एकदम हातभर खाली येते. पन्हळीलाही टेकवू नका, पातळ पत्र्याची किंवा पीव्हीसीची पन्हळ चेपते आणि शिडी बाजूला घसरते. वरचा भाग भिंतीकडे वळवून भिंतीला टेकवता येणं हा मल्टिपर्पज शिडीचा इथला मोठा फायदा आहे.

टेकवताना कोन कसा तपासायचा, तर शिडीच्या पायाशी आपल्या पायाची बोटं लावून ताठ उभं राहायचं आणि दोन्ही हात समोर आडवे सरळ करायचे. तळवे समोरच्या दांडीला किंवा शिडीच्या उभ्या बाजूला अलगद टेकले तर कोन बरोबर आहे. आकड्यांत सांगायचं तर चार फूट उंचीला एक फूट अंतर, साधारण ७५ अंश. अंगण मातीचं किंवा सारवलेलं असेल तर एक पाय रुततो आणि शिडी हळूच तिरकी होते, म्हणून दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद, जाड फळी टाका. जांभ्याच्या पायरीवर किंवा गच्चीवर शेवाळ असेल तर त्या दिवशी शिडी लावायचीच नाही. पन्हळींचं काम मेमध्ये उरकून घ्या, पहिल्या पावसानंतर कोकणातली कुठलीही उघडी फरशी शिडीसाठी भरवशाची राहत नाही. घराच्या जवळून विजेची तार येत असेल तर शिडी उभी करण्याआधी वर बघा. पंधरा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची शिडी आडवीची उभी करताना तिचं टोक कुठल्या कुठे जातं.

यापुढचं जरा मनापासून लिहितो. वस्तू घरात असली की ती घरात जो असेल तो वापरतो. तुम्ही गावी मोठी शिडी ठेवलीत तर मेच्या सुट्टीत तुम्ही येईपर्यंत ती तुमची वाट बघत बसणार नाही. पन्हळ तुंबली, पडवीतला दिवा गेला, की वडील ती बाहेर काढणार. पासष्टीनंतर मान वर करून काम करताना चक्कर येणं, रक्तदाबाच्या गोळीने उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, दोन नंबरांच्या चष्म्यातून खाली बघताना पायरी भलतीकडे दिसणं, हे नेहमीचं आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून गावच्या घरासाठी माझा सल्ला असा की तिथे कायमची ठेवायची ती कठडा असलेली, दोन किंवा तीन रुंद पायऱ्यांची छोटी शिडी. मोठी शिडी घ्यायचीच असेल तर ती कुलुपात ठेवा, आणि आई-वडिलांशी मोकळेपणाने बोलून ठेवा. त्याबरोबर दुसरं एक करा: पडवीतले आणि ओटीवरचे दिवे हाताला येतील असे भिंतीवर सहा-साडेसहा फुटांवर उतरवून घ्या, आणि चांगल्या प्रतीचे एलईडी लावा. दिवा बदलायची गरजच कमी झाली तर शिडीही कमी वेळा निघेल.

आता बाल्कनी. तुमच्या यादीतल्या सगळ्या कामांत मला सर्वांत जास्त काळजी आकाशकंदिलाची वाटते. बाल्कनीचा कठडा साधारण साडेतीन फूट असतो, आणि तो जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. तुम्ही शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे दीड फूट चढलात की कठडा उरतो दोन फूट, गुडघ्याच्या जेमतेम वर. माणसाचा तोल कमरेशी असतो. कंदील पुढच्या हुकात अडकवायला तुम्ही बाहेरच्या बाजूला झुकणार, आणि त्या क्षणी तुम्हाला अडवायला काहीही नसतं. शिडी कितीही चांगली असली तरी याला उपाय नाही. तिसऱ्या मजल्यावर कठड्याजवळ शिडी लावायची नाही, स्टूलही नाही, खुर्चीही नाही.

याला सोपा मार्ग आहे. छताला पुढच्या बाजूला एक कडी आणि आत, दाराजवळच्या भिंतीला एक खुंटी कायमची बसवून घ्या. कडीतून नायलॉनची दोरी ओवून ठेवा. दिवाळीला कंदील खाली जमिनीवर उभं राहून दोरीला बांधायचा, वर ओढायचा आणि खुंटीला गाठ मारायची. कपडे वाळत घालायच्या ओढायच्या दांड्या जशा चालतात तसंच. कडी बसवायचं काम एकदाच, ते जाणकार माणसाकडून, त्याने सुरक्षा-पट्टा बांधून, करून घ्या. पुढची सगळी वर्षं शिडीचा प्रश्नच येत नाही.

विजेच्या कामांबद्दल. अ‍ॅल्युमिनियम वीज वाहून नेतं, म्हणून मी स्वतः चालू वायरिंगच्या आसपास फायबरचीच शिडी वापरतो. घरासाठी फायबरची घ्यायलाच हवी असं नाही, ती जड असते आणि महागही. पण मग नियम एकच: पंखा किंवा दिव्याला हात लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर घेतलेला असतो, दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे वीज, तशीच राहते. शिवाय शिडीवर शॉक जीवघेणा नसला तरी माणूस दचकतो, हात झटकतो, आणि पडतो. जमिनीवर ज्या झटक्याने नुसती झिणझिणी येईल, त्याच झटक्याने शिडीवर हाड मोडतं. पंखा पुसतानाही तो पूर्ण थांबल्यावर, एमसीबी खाली असतानाच चढा, म्हणजे घरातलं कोणी नकळत स्विच लावणार नाही. शिडी पंख्याच्या अगदी मध्याखाली न लावता तुमचं तोंड पातीकडे येईल अशी लावा. पोहोच कमी पडली की झुकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. तुमची बेंबी शिडीच्या दोन उभ्या बाजूंच्या मध्येच राहायला हवी. ती बाहेर गेली की शिडी आडवी कलंडायला लागते, आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर तिला थांबवायला काहीच नसतं.

टेलिस्कोपिक शिडीबद्दल तुम्ही विचारलंय. मिटल्यावर अडीच-तीन फुटांची होते, हे खरं. पण तिच्या प्रत्येक दांडीत दोन पिना असतात आणि त्या दोन्ही बसल्या तरच दांडी टिकते. नळ्यांमध्ये सिमेंटची धूळ, रंगाचे थेंब गेले की पिना अडकायला लागतात. एका नळीला पोचा पडला की पूर्ण शिडी निकामी, आणि ती दुरुस्त करून देणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. सरळ प्रकारातली ती नुसती टेकवायला चालते, पंख्याखाली उभी राहत नाही. तुमच्या कामांसाठी ती मी सुचवणार नाही.

दुकानात गेलात तर काय बघायचं ते सांगतो. वजनाचा आकडा शिडीवरच छापलेला किंवा कोरलेला हवा, नुसता खोक्यावर नको. युरोपातल्या ईएन १३१ या मानकात तो जास्तीत जास्त १५० किलो असतो, आणि त्यात माणूस, कपडे, हत्यारं, हातातली पेटी सगळं आलं. याच मानकाचा चौथा भाग बिजागरीच्या शिड्यांसाठी आणि सहावा टेलिस्कोपिकसाठी आहे, तेव्हा त्या प्रकारची शिडी घेताना तो भाग नोंदलेला आहे का ते बघा. शिडीच्या पायाला खाली बसवलेला रबरी बूट काढून नळीचा कापलेला तोंडाकडचा भाग बघा, पत्र्याची जाडी तिथे उघडी दिसते. सारख्याच लांबीच्या दोन शिड्यांत एक फारच हलकी असेल तर बहुतेक वेळा धातूच कमी असतो. दांडी उभ्या नळीत घट्ट फुगवून दाबलेली हवी. नुसत्या बारीक रिव्हेटवर असेल तर दोन्ही हातांनी पिळून बघा, जराही फिरली तर ठेवून द्या. प्लॅटफॉर्मच्या शिडीत पायऱ्यांखाली तिरक्या आधारपट्ट्या आहेत का बघा. मग शिडी उघडा, दुसऱ्या पायरीवर उभे राहा आणि कमर डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडं लवचिकपण चालतं, पण चारपैकी एक पाय उचलला जात असेल तर नको. ज्या व्यक्ती ती वापरणार आहेत त्यांनाही बरोबर न्या आणि त्यांच्याकडून उघडून-मिटवून घ्या. तुमच्या बायकोला किंवा आईला ती एकटीने उचलता आणि मिटवता येत नसेल, तर ती घरासाठी नाही.

एकूण धरून तुमच्यासाठी असं: फ्लॅटसाठी चार रुंद पायऱ्यांची, कठडा असलेली प्लॅटफॉर्मची शिडी, आधी हीच. गावी छोटी, दोन-तीन पायऱ्यांची. पन्हळींसाठी ४×३ किंवा ४×४ हवीच असेल, तर उंची मोजून, आडव्या पट्टीसकट आणि ती तुमच्या देखरेखीखाली राहील अशी. तुमच्या फ्लॅटचं छत दहा फुटांपेक्षा जास्त असतं, ड्युप्लेक्सचा जिना असता किंवा पंखे वारंवार काढायचे असते, तर माझं उत्तर बदललं असतं. जिन्यासाठी तर चार भागांची शिडी चालतही नाही. तिथे दोन्ही बाजूंची लांबी वेगवेगळी करता येईल अशी, बाजू सरकणारी शिडी लागते. आणखी एक सुचवतो: सोसायटीत बोलून बघा. ४×४ ची एक चांगली शिडी सोसायटीने घेऊन सुरक्षारक्षकाच्या खोलीत ठेवली, घेताना वहीत नोंद केली, तर प्रत्येक घराला वर्षातून एकदा लागणारी गोष्ट प्रत्येकाने विकत घ्यायची गरज राहत नाही. मात्र घेणाऱ्याने आणि परत देणाऱ्याने दोघांनीही खटके तपासायचे, ही अट त्या वहीतच लिहून ठेवा.

शिडी घरी आल्यावर बिजागऱ्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटते. गावी ठेवणार असाल तर खाऱ्या दमट हवेत बिजागऱ्यांचं पोलाद गंजतं, म्हणून पडवीत न ठेवता आत, कोरड्या जागी आडवी ठेवा, आणि पावसाळा संपल्यावर सगळे खटके उघडून-मिटवून बघा. रबरी बूट झिजून टणक झाले की लगेच बदला, ते सुटे मिळतात. उभी नळी वाकली किंवा दांडीपाशी तडा गेला तर शिडी भंगारात द्या. वेल्डिंग करून देतो असं कोणी म्हटलं तर करून घेऊ नका, कारण या मिश्रधातूला ताकद उष्णता-प्रक्रियेने आलेली असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. तडा बुजलेला दिसतो आणि शिडी त्याच्या शेजारी मोडते. भंगारात देतानाही ती आधी मधोमध करवतीने कापा, म्हणजे दुसरं कोणी ती उचलून वापरायला नेणार नाही.